हरणीच्या पोटातली लाख

जन्मभर खरे बोललेल्या माणसाच्या हातून जेव्हा अन्याय घडतो, तेव्हा तो लबाडाच्या अन्यायाहून जड असतो. लबाडाचे बोलणे लोक पारखून घेतात. सज्जनाचे बोलणे पारखावे असे कोणाच्या मनातही येत नाही. ते जसेच्या तसे घराघरांत शिरते, आणि ज्याच्याविषयी ते बोलले गेले त्याच्या बाजूने उभा राहणारा एकही माणूस उरत नाही. म्हणून ज्याच्या शब्दाला वजन आहे, त्याने तो उच्चारण्यापूर्वी इतरांहून दुप्पट थांबावे. बाबासो मिस्त्री असे थांबणाऱ्यांपैकीच होते. एकदा मात्र ते थांबले नाहीत.

कोल्हापुरात शाहूपुरीच्या एका आडव्या गल्लीत, भुसारी दुकानांच्या पाठीमागे, त्यांचे मोटारी दुरुस्त करण्याचे गॅरेज होते. वय सहासष्ट. छप्पन्न साली वडिलांच्या बरोबरीने त्यांनी धम्माची दीक्षा घेतली, तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते. आणि त्या दिवशी उच्चारलेल्या पाच शीलांपैकी चौथे, असत्य न बोलण्याचे, त्यांनी आपल्या धंद्यातही पाळले होते. मोटारींच्या धंद्यात हे किती कठीण, ते त्या धंद्यातली माणसे जाणतात. जो भाग बिघडला नाही तो बिघडला असे त्यांनी कधी सांगितले नाही. त्यामुळे एखादी जुनी गाडी विकत घेण्यापूर्वी लोक ती त्यांच्या दाराशी आणून उभी करीत आणि ते काय म्हणतात याची वाट पाहत. त्यांनी नुसती मान हलवली तरी सौदा मोडत असे.

त्यांच्या हातच्या सगळ्या गाड्यांत त्यांचा जीव एकीवर होता. शिवाजी पेठेतल्या हंबीररावांनी पन्नास-बावन्न सालच्या सुमारास घेतलेली ती विलायती बनावटीची गाडी, रंगाने गाईच्या वासरासारखी तांबूस. पेठेने तिचे नाव ठेवले हरणी. हंबीररावांनी पहिल्याच वर्षी एक रीत घालून दिली. गल्लीतली कोणतीही लेक सासरी निघाली, की ती हरणीतून निघायची. मग तिचा बाप मोठा असो वा मोळीविक्या. चाळीसहून अधिक वर्षे ती गाडी बाबासोंनीच चालवली, आणि त्या काळात नवरी बसलेली असताना ती एकदाही वाटेत थांबली नाही. शहाण्णव साली हंबीरराव गेले. त्यांच्या पत्नी चिमणाबाईंनी रीत पुढे चालू ठेवली.

एक्क्याऐंशी साली या गाडीच्या कार्बोरेटरमधला फ्लोट फुटला होता. फ्लोट म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा एक पोकळ पितळी गोळा. पेट्रोल भरत आले की तो वर उचलला जातो आणि येणारी धार बंद करतो. धार बंद झाली नाही तर पेट्रोल ऊतू जाते आणि इंजिन बुडते. त्या गोळ्याला भेग पडली, कथलाचा डाग देऊनही सांधा टिकेना, आणि तसला सुटा भाग पुण्या-मुंबईतही मिळेना. तेव्हा बाबासोंनी बुचाच्या लाकडाचा एक ठोकळा घेतला, तो कोरून, घासून त्याचा हलका फ्लोट केला, आणि त्याने पेट्रोल पिऊ नये म्हणून त्याला लाखेचे हात दिले. ही विद्या त्यांना एका फर्निचर पॉलिश करणाऱ्या कारागिराने शिकवली होती. लाखेचे दाणे स्पिरिटमध्ये विरघळवायचे, कापसाच्या बोळ्याने पातळ हात द्यायचा, वाळू द्यायचा, पुन्हा द्यायचा. बाबासोंनी असे अकरा हात दिले. फ्लोट काचेसारखा चमकू लागला आणि पुढे बावीस वर्षे हरणीच्या पोटात तरंगत राहिला.

दोन हजार तीन सालच्या चैत्रात चिमणाबाईंची स्वतःची नात, प्रियदर्शनी, सासरी निघाली. वाजंत्री पुढे, हरणी मागे. दसरा चौक ओलांडून गाडी पुढे आली आणि एकाएकी गुदमरल्यासारखी झाली. बाबासोंनी अ‍ॅक्सिलरेटर दाबला, सोडला, पुन्हा दाबला. पण इंजिन दोनदा धडधडले आणि बंद पडले. पेट्रोलचा उग्र वास गाडीभर पसरला. बाबासोंनी घाईने बॉनेट उघडले. कार्बोरेटर ऊतू जाऊन खाली थेंब गळत होते.

"उतर, पोरी, उतर लवकर," ते म्हणाले.

शालू सावरत प्रियदर्शनी रस्त्यावर उतरली. कोणीतरी मागची मारुती व्हॅन पुढे आणली आणि नवरीला तिच्यात बसवले. वऱ्हाडातली एक म्हातारी पदराआडून म्हणाली, "नवरीची गाडी वाटंत अडली. बरं लक्षान न्हवं, बाई." ती हळू बोलली असे तिला वाटले असेल, पण रस्त्यावरच्या प्रत्येकाने ते ऐकले.

बाबासोंनी तिथेच कार्बोरेटर उघडला. फ्लोट तळाला जाऊन बसला होता. हातात घेतला तर ओल्या भाकरीसारखा जड. कार्बोरेटरच्या बारीक छिद्रांत तपकिरी गाळ चिकटला होता. त्या दिवशी सकाळीच त्यांनी मार्केट यार्डाच्या अंगाला असलेल्या जोतीरामच्या पंपावर टाकी भरून घेतली होती. एवढे त्यांच्या मनात आले मात्र, आणि ज्या क्षणी थांबायचे तो क्षण निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास ते पंपावर गेले. जोतीराम पन्नाशीचा, मनमिळाऊ गृहस्थ. रिक्षावाल्यांशी हसून बोलणारा. रिक्षांची रांग लागली होती.

"या की, मिस्त्री. काय, घामाघूम झालाईसा?"

"ह्या बाटलीत पेट्रोल दे."

बाबासोंच्या हातात काचेची एक उभट बाटली होती. तिच्यावर कानशीने एक आडवी रेघ मारलेली होती आणि त्या रेघेपर्यंत पाणी होते. जोतीरामने वरून पेट्रोल भरून दिले. बाबासोंनी बूच लावून बाटली हलवली आणि चौथऱ्यावर उभी केली. रिक्षावाले उतरून भोवती जमले. हळूहळू पेट्रोल वर गेले, पाणी खाली बसले. आणि पाणी रेघेच्या वर होते. चांगले बोटभर वर.

"बघ. मी पाणी रेघेपतूर घातलंतं. आता कुठं हाय?"

जोतीराम वाकून पाहत राहिला.

"तुझ्या पेट्रोलात पाणी हाय, जोतीराम. काल माझ्या गाडीतनं नवरी रस्त्यावर उतरली."

"मिस्त्री, मी रोज सकाळी टाकीत पट्टी घालतो. पाण्यानं रंग बदलनारा लेप लावून बघतो. एक थेंब गावत न्हाई."

"मग ही बाटली खोटं बोलती म्हण. का मी बोलतोय?"

मिस्त्री खोटे बोलतात असे म्हणणारा माणूस कोल्हापुरात नव्हता. रांगेतला एक रिक्षावाला आपली रिक्षा मागे ढकलीत म्हणाला, "मिस्त्री म्हंत्यात म्हंजे इषय संपला की." आणि त्याच्यामागे दुसरा निघाला, मग तिसरा.

महिनाभरात जोतीरामच्या पंपावर कावळे बसू लागले. सरकारी माणसे येऊन नमुना घेऊन गेली आणि तो निर्दोष असल्याचे सांगून गेली. तेव्हा लोक म्हणाले, साहेबाचं तोंड गोड केलं असंल. जोतीरामची आई बयाबाई सकाळी नळावर गेली, तर एक शेजारीण हसत म्हणाली, "काय वं बयाबाई, तुमी कशाला नळावर? घरच्या पंपाला पाणी हाय की!" त्या दिवसापासून म्हातारीने नळावर जाणे सोडले.

हे सारे बाबासोंच्या कानांवर येत होते. त्यांना वाईट वाटे; पण केलेल्या कर्माचे फळ, असे म्हणून ते कामाला लागत. हरणी गॅरेजच्या कोपऱ्यात चादरीखाली उभी होती. तिला हात लावण्याची त्यांना इच्छा होत नसे.

अशातच एक दिवस चिमणाबाई रिक्षातून उतरल्या आणि गॅरेजमधल्या लाकडी बाकावर येऊन बसल्या. वय पंचाहत्तर, पाठ ताठ.

"मिस्त्री, हरणीला काय आंधळ्या कोशिंबिरीला बशिवलंय व्हय? चादर कशापायी?"

"वैनीसाब, तोंड दावायला जागा ऱ्हायली न्हाई म्हणून."

"कुणाला? तिला का तुमास्नी?" त्या हसल्या. मग म्हणाल्या, "संघप्रियाचं कवा हाय?"

संघप्रिया ही बाबासोंची नात. कबनूरच्या प्रसेनजीत नावाच्या शिक्षकाशी तिचा विवाह ठरला होता. त्याच्या घरी यंत्रमाग होते.

"बुद्धपौर्णिमा झाली की दुसऱ्या रविवारी. सकाळी विहारात मंगल परिणय, दुपारी पाठवणी."

"मग हरणीतनं जाईल की."

बाबासो हातातला पाना पुसू लागले. त्यांच्या थोरल्या लेकीचे लग्न झाले त्या वर्षी हरणी अगदी जोमात होती. लेक एस.टी.ने गेली होती.

चिमणाबाईंनी पदराचे टोक बोटांत धरले. "तुमच्या लेकीच्या टायमाला आमी इचारलं न्हाई आणि तुमी मागितली न्हाई. ह्यांच्या मनात काय हुतं ते ह्यांच्यासंगं गेलं. माझ्या मनात हुतं, मिस्त्री. पण तवा माझ्या मनाला तोंड न्हवतं. आता हाय. गल्लीतली लेक म्हंजे काय निस्ती आमच्या गल्लीतली? चाळीस वरसं ज्यानं लेकी पोचविल्या, त्याची नात काय परकी?"

"पुन्ना अडली तर, वैनीसाब?"

"अडली तर मी ढकलीन. तुमच्या हरणीपरास माझ्या गुडघ्यांत दम हाय!"

त्या गेल्यावर बाबासो हरणीपाशी गेले. मग त्यांनी चादर काढली.

फ्लोट वाळला होता, पण त्याचे तेज गेले होते. नवे हात देण्याखेरीज उपाय नव्हता. त्यांनी स्पिरिटची बाटली काढली, त्यात मूठभर लाखेचे दाणे टाकले आणि ती दाराशी उन्हात ठेवली. दुपारी पाहिले तेव्हा दाणे मऊ पडून कडा सुटत होत्या, आणि स्पिरिट तपकिरी होत चालले होते. तो तपकिरी रंग त्यांनी पाहिला, आणि त्यांचा हात जागच्या जागी थांबला. तोच रंग. कार्बोरेटरच्या छिद्रांत चिकटलेला, ज्याला ते गाळ समजले, तो हाच रंग.

तो गाळ नव्हता. ती त्यांचीच लाख होती. बावीस वर्षांपूर्वीचे त्यांचे अकरा हात.

पण लाख पाण्यात विरघळत नाही. पाण्याने ती पांढुरकी पडते, सुटते, पण विरघळत नाही. पेट्रोलने तर तिला काहीच होत नाही. म्हणूनच ती दिली होती. लाख विरघळते ती स्पिरिटमध्ये, आणि हे त्यांच्याहून अधिक कोणाला ठाऊक असणार? गेल्या हिवाळ्यात वर्तमानपत्रात आले होते, की साखर कारखान्यांच्या मळीपासून काढलेले स्पिरिट आता पेट्रोलात थोडे थोडे मिसळणार. त्यांनी ती बातमी वाचली होती आणि ही ऊसवाल्यांची गोष्ट आहे असे समजून पान उलटले होते.

तरीही या वेळी ते थांबले. भाग धुण्यासाठी मागच्या दिवाळीत, म्हणजे स्पिरिटच्या त्या बातमीआधी, भरून ठेवलेला पेट्रोलचा एक डबा गॅरेजमध्ये होता. त्यांनी काचेचे दोन पेले घेतले. एकात दिवाळीचे पेट्रोल, दुसऱ्यात हरणीच्या टाकीतले, जोतीरामच्या पंपावरचे. बुचाच्या दोन तुकड्यांना लाखेचे सारखे हात देऊन, पक्के वाळवून, एकेक तुकडा एकेका पेल्यात सोडला. वर झाकणे ठेवली. आणि आठ दिवस ते रोज त्या पेल्यांसमोर बसत.

"आवो," शेवंताबाई, त्यांच्या पत्नी, चहा घेऊन आल्या तेव्हा म्हणाल्या, "त्या पेल्यांत काय पिच्चर लागलाय व्हय? घरात लगीन हाय, पत्रिका वाटायच्या ऱ्हायल्यात."

नवव्या दिवशी त्यांनी दोन्ही तुकडे बाहेर काढले. दिवाळीच्या पेट्रोलातला जसाच्या तसा चमकत होता. दुसरा बोटांना चिकटला, आणि त्याच्या पेल्यातले पेट्रोल पातळ चहासारखे झाले होते. म्हणजे लाख एका सकाळीत नव्हे, हिवाळ्यापासून भरलेल्या प्रत्येक टाकीत थोडी थोडी सुटत आली होती. मग त्यांना बाटलीतले वाढलेले पाणीही उमगले. पाण्याने पेट्रोलातले स्पिरिट आपल्याकडे ओढून घेतले होते. पाणी तेवढेच होते, त्याला सोबत मिळाली होती.

त्यांनी शेवंताबाईंना सगळे सांगितले. शेवटी म्हणाले, "मी खोटं बोललो न्हाई गं. मला खरंच पाणी वाटलं."

शेवंताबाई दारातल्या पायरीवर बसल्या होत्या. त्या शाळेत गेल्या नव्हत्या. पण नेमके बोट ठेवायला शाळा लागत नाही.

"बाटलीनं काय दावलं? पाणी?"

"वाढ दावली."

"मग पाणी कोन म्हणालं?"

बाबासोंनी मान खाली घातली. चौथ्या शीलाचे शब्द त्यांनी हजारो वेळा उच्चारले होते. जे ठाऊक नाही ते ठाऊक असल्यासारखे बोलणे हेही त्याच शीलात मोडते, हे त्यांना सहासष्टाव्या वर्षी कळले.

"एकटं जाऊन सांगू का चिठ्ठी धाडू?" त्यांनी विचारले.

"म्हणालासा कुठं?"

"पंपावर. समद्यांच्या म्होरं."

"मग?" असे म्हणून त्या कप विसळायला उठल्या.

हरणीत माझी नात बसवायची असेल तर आधी हे, असे त्यांनी मनाशी ठरवले. पण ते सोपे नव्हते. त्यांच्या गाठी दुसरी कमाई नव्हती. लोक त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवत, तेवढीच. ती आज स्वतःच्या हाताने रस्त्यावर ठेवायची होती.

सोमवारी सकाळी दहाला ते निघाले. वाटेत रिक्षा थांब्यावर थांबून म्हणाले, "चला रं समदे माझ्यासंगं. त्या दिवशी आलातासा, आज बी या." मिस्त्री बोलावतात म्हटल्यावर दहा-बारा जण निघाले. पंपावर जोतीराम एकटाच, फडक्याने नळीचे तोंड पुसत होता. त्याने वर पाहिले आणि पुन्हा पुसू लागला.

बाबासोंनी त्याच चौथऱ्यावर दोन पेले आणि दोन तुकडे ठेवले. कोणता तुकडा कशात होता, लाख कशात विरघळते, बाटलीत काय वाढले, सगळे त्यांनी मुलांना शिकवावे तसे सावकाश सांगितले. मग म्हणाले,

"ह्येच्या पेट्रोलात पाणी न्हवतं. स्पिरिट हुतं, आणि ते ह्येनं घातलं न्हाई. समद्याच पंपांवर तसंच येतंय. चूक माझ्या फ्लोटची हुती, आणि फ्लोट मी केलता. मी ह्या जागी जोतीरामला नाव ठेवलं. ह्याच जागी ते माघारी घेतो. जोतीराम, मला माफ कर."

आणि त्यांनी हात जोडले. ज्याने पहिली रिक्षा मागे ढकलली होती, तो आपल्या चपलांकडे पाहू लागला.

"म्हैना झाला, मिस्त्री," जोतीराम म्हणाला. "माझी आई नळावर जाईना झालीया."

"तिच्याकडं बी जातो. आत्ताच."

जोतीरामने फडके खांद्यावर टाकले, आत गेला आणि खणातून एक घडी केलेला कागद घेऊन आला. "हे बघा. जानेवारीत कंपनीकडनं आलतं. इंग्रजीत. सई केली आणि ठेवून दिलं. त्यात हेच लिवलं असणार. आता तुमी सांगतासा तवा ध्येनात येतंय." त्याने कागद पाहिला, पेल्याकडे पाहिले, आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झाले. "म्हंजे मिस्त्री, तुमच्या हरणीला चढली हुती म्हणा की!"

हशा फुटला. तो जोतीरामचाही होता, आणि त्यात डोळ्यांतल्या पाण्याचा अंशही होता. तो पुढे म्हणाला, "आणि ऊस कुनाचा? माझा! दोन एकर कारखान्याला जातोय. माझ्याच रानातली पाजली तुमच्या हरणीला, आणि पाप पाण्याच्या माथी!"

पहिला रिक्षावाला पुढे झाला आणि जोतीरामला म्हणाला, "आण्णा, भरा की दोन लिटर. आमची रिक्षा बी बघू झोकांड्या खाती का."

बयाबाई घराच्या सोप्यात शेंगा फोडीत बसली होती. बाबासोंनी पायरीखालीच उभे राहून पुन्हा सगळे सांगितले. म्हातारीने ऐकून घेतले. शेंगा फोडायची थांबली नाही.

"झालं सांगून?"

"व्हय, आक्का."

"मग खाली का उभा ऱ्हायलास? वर ये, बस." तिने ताकाचा पेला त्यांच्यापुढे ठेवला. "माझ्या लेकाला बोललास त्येचं मला लई लागलं. नळावरच्या भवानीचं न्हाई लागलं, तुझं लागलं. ती काय, कुनालाबी बोलती. तू बोलत न्हाईस कुनाला." तिने पुन्हा शेंगा पुढे ओढल्या. "आता त्या गाडीचं काय करनार? पुन्ना लाखच फासनार?"

"न्हाई. आता पितळंचा पायजे. पातळ, पोकळ. पण तसला गोळा करून मिळंना झालाय. तांबटाकडं गेलतो, तो म्हंतो एवढा हलका जमायचा न्हाई."

बयाबाईने हातांनी गोळ्याचा आकार करून विचारले, "एवढा?"

"तेवढाच."

ती गुडघ्यांवर हात टेकून उठली, आत गेली, आणि पदरात काहीतरी झाकून आली. ओंजळीत दोन पितळी शेंब्या होत्या. बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, बैलाच्या शिंगांच्या टोकांवर बसवतात तसल्या, पातळ पत्र्याच्या, पोकळ, फुगीर.

"आमच्या सर्ज्याच्या. आठ वरसं झाली त्येला जाऊन. बारा गळीत हंगाम त्येनं ऊस वढला कारखान्याला. आता दारात ट्रॅक्टर हाय, त्येला कुठली शिंगं?" तिने त्या बाबासोंच्या तळहातावर ठेवल्या. "ह्या दोनी तोंडाला तोंड लावून जोडल्या तर?"

बाबासोंनी शेंब्या तोलून पाहिल्या. त्या हातात असून नसल्यासारख्या होत्या.

चार दिवस ते काम चालले. शेंब्यांची टोके कापून त्यांनी ती भोके बुजवली, तोंडाला तोंड लावून कथलाचा डाग दिला आणि एक सुईएवढे छिद्र ठेवले, आतली तापलेली हवा निघून जावी म्हणून. मग तेही बंद केले. गरम पाण्यात बुडवून बुडबुडे येतात का पाहिले. एकदा आले. पुन्हा सगळे उकलून नव्याने केले. हरणीच्या रबरी नळ्याही मऊ पडून फुगल्या होत्या; त्या बदलल्या. जोतीराम रोज संध्याकाळी येऊन बाकावर बसे आणि नसते सल्ले देई.

लग्नाच्या दिवशी विहारात पांढऱ्या साडीतली संघप्रिया आणि प्रसेनजीत उभे राहिले, वंदना झाली, फुले पडली. पाठवणीच्या वेळी हरणी दाराशी होती. चिमणाबाई आधीच पुढच्या सीटवर बसल्या होत्या. "मी ढकलनार म्हणालेली न्हवं? मग संगंच आले," असे त्यांनी स्पष्टीकरण दिले. मागे नवरा-नवरी. आणि हरणीच्या मागे मोटारसायकलवर जोतीराम, पेट्रोलचा कॅन बांधून.

"तू कशाला रं?" बाबासोंनी विचारले.

"गाडी थांबली तर लोक पुन्ना माझंच नाव घेत्याल. नगं बाबा. मी पोचवूनच येतो."

पंचगंगेचा पूल गेला. उसाची रानेच राने दोन्ही बाजूंनी मागे सरकत होती. बाबासोंचा कान इंजिनावर होता. चाळीस वर्षांत इतक्या बारकाईने त्यांनी ते कधी ऐकले नव्हते. हातकणंगल्याच्या चढावर तिने किंचित दम घेतला. चिमणाबाईंनी त्यांच्याकडे पाहिले. बाबासोंनी गिअर बदलला, आणि ती चढून गेली.

"आजोबा," मागून संघप्रिया म्हणाली, "हळू चालवा की. लवकर पोचायचं न्हाई मला."

तेव्हा कुठे त्यांना भरून आले. रस्ता धूसर झाला म्हणून त्यांनी वेग कमी केला. मागून जोतीरामने घाबरून हॉर्न वाजवला.

कबनूरच्या वेशीपाशी मागांचा खडखडाट ऐकू येऊ लागला. प्रसेनजीतच्या दाराशी माणसे उभी होती. हरणी आली, थांबली, जिथे थांबायचे तिथेच. संघप्रिया उतरली आणि वाकली. बाबासोंनी तिच्या मस्तकावर हात ठेवला.

त्या लेकीचा संसार सुखाचा होवो. चुकलेल्याला आपली चूक सांगण्याचे बळ मिळो, आणि ज्याला ती सोसावी लागली त्याच्या ओठांवर हसू परत येवो. घरी शेंगा फोडीत बसलेल्या त्या माउलीला उदंड आयुष्य लाभो.